नवी फरशी, जुनं सामान

भिलाईच्या सेक्टर सहामधलं ते क्वार्टर सोडायला आता जेमतेम पंधरा दिवस उरले होते. पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये ३८ वर्षं नोकरी करून सासरे निवृत्त झाले होते. कंपनीचं घर कंपनीला परत करायचं आणि नेहरूनगरला मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला जायचं, हे सर्वांच्या संमतीनं ठरलं होतं. सासूबाईंनी हौसेनं आवराआवर सुरू केली होती. लोणच्याच्या बरण्या, पितळी डबे, दिवाळीचा कंदील, सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यांत भरलं जात होतं.

आणि एके दिवशी संध्याकाळी सासरे सिविक सेंटरवरून फेरफटका मारून परतले, तर दारात भंगारवाला उभा! त्याच्या काट्याशेजारी सासूबाईंचं शिलाई मशीन. वरचं मशीन फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवलेलं आणि खालचं बिडाचं स्टँड वजनाला लावायच्या तयारीत.

‘‘हे काय करून राहिली तू?’’ सासऱ्यांनी विचारलं.

‘‘काही नाही. लोखंडाच्या भावानं घेतो म्हणतो. नव्या घरात कुठं ठेवणार?’’

‘‘आणि कपाट?’’

‘‘ते उद्या नेईल. चार माणसं लागतात म्हणे उचलायला.’’

सासूबाईंचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. पण ३५ वर्षांच्या संसारात नवऱ्याला एवढं तर कळतंच. सासऱ्यांनी भंगारवाल्याच्या हातावर चहापुरते पैसे ठेवले, त्याला वाटेला लावलं आणि स्टँड स्वतः ओढत परत व्हरांड्यात नेलं. क्वार्टरच्या सिमेंटच्या जमिनीवर त्याची लोखंडी चाकं खडखडली. त्या जमिनीला अशा खडखडाटाची सवयच होती.

ते मशीन म्हणजे नुसतं लोखंड नव्हतं. मुलगा इंजिनियरिंगला गेला तेव्हा त्याच्या वसतिगृहाचा खर्च या मशीनवर शिवलेल्या ब्लाउजांनी भागवला होता. आणि कपाट तर लग्नात गोंदियाहून वडिलांनी दिलेलं. त्यात साड्या, घराची कागदपत्रं, मुलाच्या शाळेची प्रगतिपुस्तकं आणि सासऱ्यांच्या पहिल्या पगाराचं पाकीटसुद्धा होतं.

हौस एकीची, धास्ती दुसरीची

झालं होतं ते असं. आठवड्यापूर्वी सासूबाई नवा फ्लॅट पाहायला गेल्या होत्या. सुनेनं मोठ्या उत्साहानं घर दाखवलं. बैठकीच्या खोलीत आणि दोन्ही शयनगृहांत तिनं लॅमिनेटचं फ्लोअरिंग करून घेतलं होतं. सागवानी रंगाच्या लांब लांब फळ्या, त्यावर लाकडाच्या रेषा, गाठी, सगळं हुबेहूब. सून शाळेत शिकवते. पगारातून चार वर्षं साठवलेले पैसे तिनं या फरशीवर खर्च केले होते.

पण पहिल्याच आठवड्यात गॅसचं सिलिंडर कुणीतरी ओढत नेलं आणि स्वयंपाकघराच्या दाराशी वीतभर लांबीचा पांढरा ओरखडा उठला. तो पुसून जात नव्हता, तेलानं लपत नव्हता. तेव्हापासून तिला धास्तीच बसली होती. कुणी खुर्ची सरकवली तरी ती आतून धावत यायची.

‘‘आई, तुमच्या खोलीत छान हवा येते,’’ ती सासूबाईंना म्हणाली, ‘‘मशीन आपण बाल्कनीत ठेवू या. आणि कपाटाचं... बघू काहीतरी. फारच जड आहे ना ते.’’

‘‘बरं,’’ सासूबाई म्हणाल्या.

त्या ‘बरं’चा अर्थ सुनेच्या लक्षात आला नाही. सासूबाईंनी मात्र घरी येईपर्यंत मनाशी हिशेब पक्का केला होता, की आपल्याला घरात जागा आहे, आपल्या सामानाला नाही. मग ते दुसऱ्याच्या दारात उन्हापावसात कुजण्यापेक्षा आपल्या हातानं दिलेलं काय वाईट?

घर बदलताना अनेक कुटुंबांत असंच होतं. ओठांवर फरशीचं नाव असतं, पण मनात भलतंच काहीतरी सलत असतं. आणि फरशीविषयी नीट माहिती नसल्यानं भीती मात्र वाढत जाते.

सिविक सेंटरच्या बाकावर

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी सुनेला फोन केला, ‘‘शाळा सुटली की सिविक सेंटरला ये. थोडी खरेदी करायची आहे.’’

सिविक सेंटर म्हणजे भिलाई टाउनशिपचं बाजाराचं आणि भेटीगाठींचं ठिकाण. १९५९ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. रशियाच्या मदतीनं उभारलेल्या या कारखान्यात नोकरीसाठी केरळ, बंगाल, आंध्र, पंजाब अशा सगळ्या प्रांतांतून माणसं आली. मुंबई-नागपूर-हावडा लोहमार्गावरचं गाव असल्यानं नागपूर, भंडारा, गोंदियाकडची मराठी कुटुंबंही आली. या सगळ्यांच्या लग्नाच्या साड्या, शाळेचे गणवेश, सणाची खरेदी इथंच झाली. संध्याकाळी इंदिरा प्लेसच्या परिसरात, नेहरू आर्ट गॅलरीच्या बाजूला फिरायला येणारे निवृत्त कर्मचारी अजूनही एकमेकांना शिफ्टच्या वेळा विचारतात.

सुनेला बाकावर बसवून सासऱ्यांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. भंगारवाल्याचं ऐकून ती अवाक् झाली.

‘‘बाबा, मी मशीन टाकून द्या असं कधी म्हटलं? क्वार्टरमध्ये आई व्हरांड्यातच शिवत बसतात. मला वाटलं, त्यांना बाल्कनीच आवडेल.’’

‘‘व्हरांड्यात ती हौसेनं नाही बसत. आत उजेड नव्हता, म्हणून बसायची. पाऊस आला की दोघं मिळून मशीन आत घेत होतो.’’

सून थोडा वेळ गप्प राहिली. मग खाली बघत म्हणाली, ‘‘पण खोटं का बोलू? फरशीची भीतीही होतीच. एवढे पैसे घातले. त्या कपाटानं खड्डे पडले तर पुन्हा कुठून आणू?’’

‘‘हे सांगितलंस ते बरं केलंस,’’ सासरे म्हणाले. ‘‘भीती आहे तर तिचा इलाज शोधू. कपाट विकणं हा इलाज झाला का?’’

शेजारच्या बाकावर रेल मिलमधलेच एक निवृत्त फोरमन बसले होते. मूळचे केरळचे, पण भिलाईत मराठीही उत्तम समजणारे. ते म्हणाले, त्यांच्या मुलीच्या बंगळुरूच्या घरात अशीच फरशी होती. एका भिंतीशी पुस्तकांचं भलंमोठं कपाट आणि समोरच्या भिंतीशी लोखंडी तिजोरी. पहिल्याच पावसाळ्यात मधली फरशी फुगून उठली. खड्डा कुठंच पडला नव्हता!

सून चकित झाली. जड सामानाचं भय म्हणजे खड्ड्यांचं आणि ओरखड्यांचं, असंच ती समजत होती. सामानानं फरशी दाबण्याऐवजी उचलली जाते, हे काही तिच्या डोक्यात शिरेना. त्या रविवारी फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीलाच घरी बोलवायचं ठरलं.

दिसते लाकूड, असते वेगळीच

आपल्याकडे लोक तिला सर्रास ‘वुडन फ्लोअरिंग’ म्हणतात. पण ही फळी लाकडाच्या ओंडक्यातून कापलेली नसते. स्वीडनमधल्या पेरस्टॉर्प कंपनीनं १९७७ मध्ये ही कल्पना शोधून काढली आणि १९८४ पासून ‘पेर्गो’ या नावानं युरोपच्या बाजारात आणली. स्वयंपाकाच्या ओट्यावर आणि टेबलांवर जो चिवट सनमायकासारखा पत्रा लावतात, त्याच जातीचा थर जमिनीवर वापरायचा, असा तो विचार होता.

फळीचा मुख्य भाग म्हणजे लाकडाचे बारीक तंतू राळेबरोबर प्रचंड दाबाखाली घट्ट केलेला बोर्ड. त्यावर लाकडाचं चित्र छापलेला कागद आणि सगळ्यात वर पारदर्शक मेलामाइनचा कठीण थर. त्यात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात, म्हणून रोजच्या चालण्यानं ती सहसा झिजत नाही. फळीची जाडी साधारण ७ ते १२ मिलिमीटर असते.

यातून दोन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात. खऱ्या लाकडाची जमीन खराब झाली तर रंधा मारून किंवा घासून पुन्हा पॉलिश करता येते. लॅमिनेट घासता येत नाही, कारण लाकूड म्हणून जे दिसतं ते कागदावरचं चित्र असतं. घासलं की चित्रच जाईल. दुसरं म्हणजे, खोक्यावर लिहिलेल्या एसी ३, एसी ४ अशा आकड्यांवर सगळी भिस्त ठेवू नये. या ‘एसी’चा थंड हवेशी संबंध नाही. तो आकडा पृष्ठभाग घासला जाण्याला किती टिकतो, ते सांगतो. जड कपाटाच्या टोकदार पायाखाली फळी दबेल की नाही, हे त्यावरून कळत नाही.

रुळाला फट, फरशीलाही फट

रविवारी मिस्त्री आला. सासरेही मुद्दाम आले होते. सासूबाईंना मात्र काही सांगितलं नव्हतं.

मिस्त्रीनं भिंतीच्या कडेची एक पट्टी काढून दाखवली. आत फळ्या भिंतीला टेकलेल्या नव्हत्या. बोटाच्या पेराएवढीही नाही, पण सुमारे १० मिलिमीटरची फट चारी बाजूंनी सोडलेली होती. ‘‘ये फर्श तैरता है, साहब,’’ तो म्हणाला. फळ्या खाली चिकटवलेल्या नसतात, खिळे मारलेले नसतात. फोमच्या पातळ थरावर त्या नुसत्या पसरलेल्या असतात आणि कडेच्या खाचांनी एकमेकींत अडकवलेल्या असतात. पावसाळ्यात हवेतला ओलावा शोषून लाकडाचे तंतू फुगतात, उन्हाळ्यात सुकून आकसतात. पूर्ण खोलीची फरशी एकाच चादरीसारखी थोडी पसरते, थोडी आखडते. त्यासाठीच ती फट.

सासऱ्यांचा चेहरा उजळला. आयुष्यभर त्यांनी हेच तर पाहिलं होतं!

‘‘पूर्वी १३ मीटरचे रूळ जोडून मार्ग करत,’’ ते सुनेला सांगू लागले. ‘‘४० अंशांनी तापला तर असा एक रूळ सहा मिलिमीटरच्या आसपास वाढतो. म्हणून दोन रुळांमध्ये फट सोडायचे. गाडीचा खडखडाट यायचा तो त्या फटींचाच. फट नसेल तर रूळ वाकडा होणार.’’

‘‘पण बाबा, आता तर रूळ सलग असतात ना?’’

‘‘असतात. आपल्या मिलमधून २६० मीटरचे जोडरूळ जातात. पण त्यांना आवळून धरायला स्लीपर असतात, पकडी असतात, बाजूला खडी असते. तुझ्या या फळ्यांना कोण धरतंय? त्या मोकळ्या आहेत, म्हणूनच नीट आहेत. दोन्ही टोकांना वजन ठेवून त्यांना जखडलं, तर मधेच उठणार. नाहीतर सुकताना सांधे उघडणार.’’

बंगळुरूच्या फरशीचं कोडं तिथंच सुटलं. एका बाजूला जड कपाट असेल तर फरशी दुसऱ्या बाजूला सरकून आपली वाट काढते. दोन समोरासमोरच्या भिंतींशी भारी वजनं ठेवली की तिला वाटच उरत नाही. आणि छत्तीसगढसारख्या प्रदेशात तर हा धोका जास्त. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर, हवा कोरडी ठणठणीत. जूनच्या मध्यानंतर पावसाची झड. शिवाय उन्हाळाभर खोलीत कूलर, म्हणजे पाणी!

सासूसासऱ्यांच्या खोलीत एका भिंतीशी सामान भरायच्या पेटीचा मोठा पलंग आधीच होता. कपाट ठेवायला समोरची भिंतच तेवढी मोकळी होती. म्हणजे नेमकी तीच अडचण.

‘‘मग कपाट नाहीच ठेवता येणार?’’ सुनेनं विचारलं. या वेळी तिच्या आवाजात फरशीची काळजी नव्हती.

मिस्त्रीनं सोपा उपाय सांगितला. भिंतीत बसवलेली कपाटं, ओटे यांच्या खाली ही फरशी घालतच नाहीत. आधी ते बसवतात आणि मग त्यांच्या कडेनं फट सोडून फरशी घालतात. इथंही तेच करायचं. भिंतीशी कपाटाच्या मापाच्या फळ्या कापून काढायच्या आणि कपाट थेट खालच्या जुन्या टाइल्सवर उभं करायचं. कपाटाच्या पायांपासून फरशीपर्यंत १० मिलिमीटर मोकळी जागा ठेवायची आणि कडेला ॲल्युमिनियमची पट्टी लावायची. ती पट्टी मात्र टाइल्सवर पक्की करायची, फरशीवर नाही.

मुलाला आधी ते पटेना. नवी फरशी कापायची? पण सून म्हणाली, ‘‘कापू या. पैसे माझे गेलेत, मी सांगते.’’

वजन पसरवा, पाय झाका

आता राहिलं मशीन. ते रोज चालणार, हलणार. त्याखाली फरशी कापून भागणार नव्हतं, कारण उजेडाप्रमाणे ते इकडेतिकडे करावं लागणार होतं.

जड सामान फरशीला टोचतं ते वजनामुळे जितकं, त्याहून जास्त पायाच्या लहान आकारामुळे. साधा हिशेब करून पाहा. भरलेलं कपाट २०० किलोचं धरलं आणि त्याचा प्रत्येक पाय ३ सेंटिमीटर लांब-रुंद असला, तर चारी पाय मिळून फक्त ३६ चौरस सेंटिमीटर जागा व्यापतात. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साडेपाच किलोंहून अधिक भार. प्रत्येक पायाखाली १५ सेंटिमीटर लांब-रुंद असा जाड प्लायवुडचा तुकडा ठेवला, की तोच भार ९०० चौरस सेंटिमीटरवर पसरतो आणि २५ पटींनी कमी होतो. प्लायवुड पातळ असून चालत नाही. पातळ तुकडा पायाखाली वाकतो आणि भार पुन्हा मधेच येतो. १२ ते १८ मिलिमीटर जाडी हवी आणि खालच्या बाजूला फेल्ट चिकटवलेलं हवं.

सासऱ्यांनी सिविक सेंटरच्या बाजारातून फेल्ट आणलं. मशीनच्या स्टँडची लोखंडी चाकं काढून टाकली, कारण अशी अरुंद, कडक चाकं या फरशीचा सर्वांत मोठा शत्रू. मशीनच्या मापाची प्लायवुडची एक फळी कापून, तिच्या कडा घासून, खाली पूर्ण फेल्ट लावलं. स्टँड तिच्यावर ठेवायचं. हलवायचं झालं तर दोघांनी फळीसकट उचलायचं.

तुमच्या घरी अशी फरशी असेल तर आणखी काही गोष्टी सांभाळाव्यात.

खुर्च्या, टेबलं, स्टुलं यांच्या प्रत्येक पायाला फेल्टच्या चकत्या लावाव्यात. एकही पाय सुटता कामा नये. पण चकत्या लावल्या की काम संपलं, असं नाही. फेल्टमध्ये रेती अडकते आणि मग तेच फेल्ट पॉलिश पेपरसारखं फरशी घासू लागतं. म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी खुर्च्या उलट्या करून चकत्या झटकाव्यात आणि झिजल्या की बदलाव्यात.

रबरी बूच किंवा रबराच्या अस्तराची पायपुसणी फरशीवर कायमची ठेवू नयेत. काही रबरांतल्या रसायनांमुळे पिवळट डाग उठतात आणि ते निघत नाहीत.

मुलांच्या अभ्यासाची चाकांची खुर्ची असेल तर तिला मऊ आवरणाची चाकं बसवून घ्यावीत किंवा खाली जाडसर चटई घालावी.

लोखंडी सामानाचे पाय गंजलेले असतील तर आधी घासून रंग द्यावा. गंज आणि ओलावा एकत्र आले की डाग पडलाच म्हणून समजा. कूलर शक्यतो खिडकीबाहेर लावावा. आत ठेवणं भागच असेल तर खाली कड असलेलं तबक ठेवावं आणि सांडलेलं पाणी लगेच पुसावं. ही फरशी पाणी ओतून धुवायची नसते. घट्ट पिळलेल्या फडक्यानं पुसायची.

कपाट हलू नये म्हणून किंवा दाराच्या अडणीसाठी फरशीत आरपार स्क्रू मारू नये. एका स्क्रूनंसुद्धा मोकळी फरशी जखडली जाते.

आणि दारातलं पायपुसणं विसरू नये. ओरखडे फर्निचरनं पडतात, पण त्याखाली रेती असेल तर अधिकच.

सामान हलवायचा दिवस

फरशीचं सर्वाधिक नुकसान सामान ठेवल्यानं होत नाही, आणताना होतं. हमालांना घाई असते, घरच्यांना थकवा आलेला असतो, आणि ‘एवढंसं सरकवा’ म्हणताना ओरखडा उठतो.

सुनेनं या वेळी आधीच तयारी केली होती. दारापासून खोलीपर्यंत फरशी झाडून स्वच्छ केली. तिच्यावर जुन्या गोधड्या आणि त्यांवर हार्डबोर्डचे तक्ते अंथरले. हातगाडीची चाकं उघड्या फरशीवर येऊ द्यायची नाहीत, हे हमालांना आधीच बजावलं. कपाट पूर्ण रिकामं केलं होतं. आतले खण काढून वेगळे आणले. चार माणसांनी ते उचलून नेलं, कुठंही ओढलं नाही.

सासूबाई दारात उभ्या होत्या. मशीन विकलं जाणार नाही, एवढंच नवऱ्यानं त्यांना सांगितलं होतं. ते नव्या घरात दाराबाहेर कुठंतरी उभं राहील, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. कपाट आपल्या खोलीकडे जाताना पाहून त्या मागोमाग गेल्या.

खोलीत भिंतीशी कपाटाच्या मापाचा चौकोन रिकामा होता. चकचकीत फरशी तिथं थांबली होती. कडेला नीट पट्टी लावलेली. कपाट त्या चौकोनात बरोबर बसलं.

‘‘अगं, ही फरशी कापली का?’’ सासूबाईंनी घाबरून विचारलं. ‘‘एवढी महागाची!’’

‘‘कापली. कपाट तिथं उभं राहायला हवं होतं ना,’’ सून म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, ‘‘आई, बाल्कनीचं मी बोलले ते चुकलं. तुम्ही तेव्हाच मला रागावायला हवं होतं.’’

‘‘मी तरी कुठं विचारलं?’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘नुसतं बरं म्हटलं आणि घरी जाऊन भंगारवाला बोलावला.’’

मशीन खिडकीशी ठेवलं. फळीमुळे ते पाऊण इंचानं उंच झालं होतं, म्हणून सासूबाईंनी स्टुलावर एक चौघडी घातली. त्या रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी एक जुना लोकरी स्वेटर उसवला आणि जेवणाच्या टेबलाच्या सहा खुर्च्यांसाठी २४ छोटे मोजे शिवले. फेल्टच्या चकत्यांवर ते चढवले की खुर्ची कितीही सरकवा, आवाज नाही. आठवड्यातून एकदा काढायचे, धुवायचे, पुन्हा घालायचे. सुनेला ते इतके आवडले, की तिनं शाळेतल्या दोघी मैत्रिणींसाठीही शिवून घेतले.

कापून काढलेल्या फळ्याही वाया गेल्या नाहीत. दारापाशी सिलिंडरनं ओरखडलेली फळी भिंतीपासून तीन ओळी आत होती. मिस्त्रीनं तेवढ्या ओळी खाचांतून सोडवल्या, खराब फळी काढली आणि कापलेल्यांपैकी एक मापाची करून बसवली. उरलेल्या फळ्या पलंगाच्या पेटीत जपून ठेवल्या. फरशी घालतानाच एखादं खोकं जास्त घेऊन ठेवावं, असं मिस्त्रीचं सांगणं होतं. त्याच रंगाची, त्याच खाचेची फळी पुढे बाजारात मिळेलच, याचा भरवसा नसतो.

पहिला पावसाळा

जुलैत झड लागली. खिडक्यांची दारं फुगली, मीठ ओलं झालं, पापड सादळले. सुनेनं एका रविवारी सगळ्या खोल्यांतून अनवाणी फिरून पाहिलं. कुठं उंचवटा नव्हता, कुठं पायाखाली पोकळ आवाज नव्हता. मग सासूबाईंच्या खोलीत येऊन तिनं कपाटाशी वाकून फटीत बोट घातलं. फट किंचित कमी झाली होती. फरशी पसरली होती आणि तिला पसरायला जागा मिळाली होती.

‘‘काय पाहते गं?’’ मशीनवरून मान वर करून सासूबाईंनी विचारलं.

‘‘फट आहे का ते पाहते.’’

‘‘आहे ना?’’

‘‘आहे.’’

‘‘मग ये इकडे. बाही जोडायची आहे, कापड धरून बस.’’

सून स्टूल उचलून घेऊन आली. सरकवत नाही, उचलून. ही सवय आता घरात सगळ्यांनाच लागली आहे.

नव्या घरात जाताना जुनं सामान टाकून द्यायचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. कधी ते बरोबरही असतं. पण भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी दोन गोष्टी अवश्य कराव्यात. फरशी कशी बनली आहे आणि तिला काय सोसतं, हे मिस्त्रीला विचारावं. आणि ते सामान कुणाचं आहे, त्याला ते हवंय का, हे त्या माणसाला विचारावं. पहिल्या प्रश्नाला प्लायवुड, फेल्ट आणि दहा मिलिमीटरच्या फटीचं उत्तर मिळतं. दुसरा प्रश्न वेळेवर विचारला, तर कित्येक घरांतलं ‘बरं’ मनात साचून राहत नाही.